कमांडो : शौर्य पुरेसे, सराव अपुरा

२६/११ ते गडचिरोली - विशेष पथकांचे प्रशिक्षण आणि साधनसामग्री यांतील उणिवांचा आढावा

(आमच्या प्रतिनिधीकडून)

सोमेश्वरनगर - नीरा खोऱ्यातील उसाच्या पट्ट्यात पहाटे रस्त्याने धावणारे तरुण हे आता नित्याचे दृश्य आहे. कोणी लष्करभरतीची तयारी करतो, कोणी पोलिसभरतीची. शेजारच्या दौंडला राज्य राखीव पोलिस दलाचे गट आणि नानवीज येथे या दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने खाकी गणवेशाचे आकर्षण बारामती, इंदापूर परिसराला जुनेच आहे. त्यात "कमांडो" या शब्दाची भर पडली आहे. मात्र कमांडो म्हणजे नेमके कोण, त्याला किती सराव मिळतो, त्याच्या अंगावरील जॅकेट कोणती गोळी अडवू शकते आणि तो घटनास्थळी किती वेळात पोचतो, हे प्रश्न बहुधा एखाद्या मोठ्या हल्ल्यानंतरच विचारले जातात. महाराष्ट्राने त्यांची उत्तरे दोनदा मोठी किंमत मोजून मिळवली. एकदा मुंबईत, एकदा गडचिरोलीत. त्या अनुभवांचा आणि त्यानंतर झालेल्या बदलांचा हा आढावा.

विशेष पथके कोणती?

सर्वसामान्यांच्या बोलण्यात काळा गणवेश घातलेला प्रत्येक जवान कमांडो असतो. प्रत्यक्षात या पथकांचे तीन वेगवेगळे स्तर आहेत.

पहिला स्तर सैन्यदलांचा. लष्कराच्या पॅरा (स्पेशल फोर्सेस) बटालियन, नौदलाचे "मार्कोस" (स्थापना १९८७) आणि हवाई दलाचे "गरुड" (२००४) ही ती दले. यांपैकी २१ पॅरा ही बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या २१ व्या बटालियनचे रूपांतर करून १९९६ मध्ये तयार झाली. कुपवाडा येथे नोव्हेंबर २०१५ मध्ये हुतात्मा झालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक हे याच बटालियनचे अधिकारी होते. बेळगाव येथील कमांडो अभ्यासक्रम लष्कराच्या अनेक अधिकाऱ्यांना करावा लागतो. परंतु तो पूर्ण केल्याने कोणी स्पेशल फोर्सेसचा सदस्य होत नाही. त्यासाठी स्वतंत्र निवड आणि परिवीक्षा असते.

दुसरा स्तर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा, म्हणजे "एनएसजी"चा. सुवर्णमंदिरातील कारवाईनंतर १९८४ मध्ये हे दल उभारण्यात आले आणि १९८६ मध्ये त्याचा कायदा झाला. ओलिसांची सुटका आणि अपहरणविरोधी कारवाई हे त्याचे मुख्य काम. प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या गटात लष्करातून आलेले जवान असतात, तर साह्यकारी गटात केंद्रीय पोलिस दलांतील जवान असतात. हरियानातील मानेसर हे त्याचे प्रशिक्षण केंद्र आहे.

तिसरा स्तर राज्य पोलिसांचा. शहरांतील शीघ्र कृती पथके, २६/११ नंतर उभे राहिलेले "फोर्स वन" आणि गडचिरोलीचे "सी-६०" ही महाराष्ट्रातील प्रमुख नावे. कोणत्याही हल्ल्यात पहिली गोळी झेलतो तो याच तिसऱ्या स्तरावरील पोलिस, आणि साधनांची सर्वाधिक वानवा आजवर त्याच्याच वाट्याला आली आहे.

२६/११ : साठ तासांची परीक्षा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालय परिसर, ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस या ठिकाणी हल्ले केले. ताजमधील अखेरचा दहशतवादी २९ नोव्हेंबरच्या सकाळी मारला गेला. १६६ जणांनी प्राण गमावले. नऊ दहशतवादी ठार झाले, तर अजमल कसाब जिवंत हाती लागला. त्याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली.

त्या रात्री पोलिसांच्या शौर्यात काही उणे नव्हते. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली. छातीत गोळ्या घुसल्या तरी त्यांनी ती सोडली नाही. इंदापूरला लागून असलेल्या माढा तालुक्यातील सुलतानपूरचे राहुल शिंदे हे राज्य राखीव पोलिस दलाचे तरुण जवान ताजमध्ये शिरताना धारातीर्थी पडले. तत्कालीन पोलिस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मोजक्या सहकाऱ्यांसह ताजमध्ये घुसून सीसीटीव्ही कक्षापर्यंत पोचले होते. दहशतवादी पडद्यावर दिसत होते. परंतु त्यांना रोखण्यास पुरेल एवढे बळ आणि तशी शस्त्रे या तुकडीपाशी नव्हती. त्या रात्रीच्या उणिवा नेमक्या येथून मोजाव्या लागतात.

उणीव पहिली : सरावासाठी गोळ्याच नाहीत

हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्य सरकारने डिसेंबर २००८ मध्ये माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. "रॉ"चे माजी अधिकारी व्ही. बालचंद्रन हे समितीचे दुसरे सदस्य होते. समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. त्यातील सर्वांत बोलकी नोंद शीघ्र कृती पथकांविषयी होती. ज्या पथकाने दर काही दिवसांनी गोळीबाराचा सराव करणे अपेक्षित होते, त्याला दारूगोळ्याच्या टंचाईमुळे हल्ल्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ असा सरावच मिळालेला नव्हता.

नेमबाजी एकदा शिकली की कायमची अंगवळणी पडते, असे नाही. अंधाऱ्या खोलीत शिरून ओलीस कोण आणि हल्लेखोर कोण हे क्षणार्धात ओळखणे, सहकाऱ्याच्या खांद्याशेजारून अचूक गोळी झाडणे, ही कौशल्ये सततच्या सरावानेच टिकतात. म्हणून जगातील चांगली पथके सरावात हजारो गोळ्या खर्च करतात. आपल्याकडे गोळी हा "हिशेबात दाखवायचा माल" मानला गेला आणि ती वाचवणे ही काटकसर ठरली. लहान शस्त्रांचा दारूगोळा बनविणारे पुण्यातील खडकीचे (स्थापना १८६९) आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचे असे दोन कारखाने याच राज्यात असताना मुंबईच्या पथकाला सरावासाठी गोळ्या मिळू नयेत, हा विरोधाभास डोळ्यांत भरणारा आहे. टंचाई केवळ उत्पादनाची नव्हती. मागणी, मंजुरी आणि वाटप यांच्या साखळीत ती दडलेली होती.

उणीव दुसरी : शस्त्रांची विषम लढत

छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन हल्लेखोरांच्या हाती एके-४७ होत्या. एका मॅगझिनमध्ये ३० गोळ्या आणि घोडा दाबून ठेवताच होणारा सलग मारा, हे या रायफलीचे वैशिष्ट्य. समोरच्या पोलिसांपैकी काहींच्या हाती केवळ लाठ्या होत्या, तर काहींपाशी "थ्री नॉट थ्री" रायफली होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या या रायफलीत दहा गोळ्या बसतात आणि प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागे-पुढे करावा लागतो. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांना तेथेच वीरमरण आले. रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि प्रसंगी खुर्ची फेकून हल्लेखोरांना विरोध केला. पोलिसाला खुर्ची शस्त्र म्हणून वापरावी लागते, यातच सारे आले. ही रायफल त्यानंतरही बराच काळ देशातील पोलिस दलांत राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो जानेवारी २०२० मध्ये.

उणीव तिसरी : कवच आणि त्याच्या मर्यादा

दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर हे तिघे अधिकारी कामा रुग्णालयाजवळील गल्लीत एकाच वाहनात असताना मारले गेले. करकरे यांचे बुलेटप्रूफ जॅकेट नंतर सापडेनासे झाले. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात पाठपुरावा केल्याने जॅकेट खरेदीचा विषय ऐरणीवर आला.

येथे तांत्रिक बाब समजून घेणे आवश्यक आहे. पिस्तुलाची गोळी अनेक थरांच्या मजबूत धाग्यांचे मऊ कवच अडवू शकते. रायफलीच्या गोळीचा वेग त्याहून कितीतरी अधिक असल्याने तिच्यासाठी पोलादाची किंवा सिरॅमिकची कठीण पट्टी कवचात बसवावी लागते. ही पट्टी छाती आणि पाठ झाकते. मान, खांदे आणि बगल उघडी राहण्याचा धोका असतो. पट्टी जाड केली तर वजन वाढते आणि जवानाची हालचाल मंदावते. म्हणजे "बुलेटप्रूफ" हा शब्द निरपेक्ष नाही. कोणत्या शस्त्राची, कोणत्या अंतरावरून आलेली गोळी, हे ठरवूनच जॅकेट घ्यावे लागते.

एवढा अनुभव गाठीशी असूनही या जॅकेटसाठी राष्ट्रीय मानक (आयएस १७०५१) येण्यास २०१८ साल उजाडले. त्याच सुमारास राज्य पोलिसांसाठी आलेली हजाराहून अधिक जॅकेट एके-४७ च्या चाचणीत न टिकल्याने पुरवठादाराकडे परत पाठवावी लागली. ही बातमी नामुष्कीची वाटली, तरी तिची दुसरी बाजू अशी, की जॅकेट वापरात येण्यापूर्वी त्यांची चाचणी झाली.

उणीव चौथी : वेळ आणि वाहतूक

ओलीसनाट्यात पहिला तास निर्णायक असतो. २००८ मध्ये "एनएसजी" केवळ मानेसरला होते. त्यांच्यासाठी लागणारे आयएल-७६ हे मालवाहू विमान दिल्लीत नव्हते. ते चंडीगडहून आणावे लागले. सुमारे दोनशे कमांडो मुंबई विमानतळावर पहाटे पाचनंतर उतरले. तेथून त्यांना "बेस्ट"च्या बसगाड्यांनी दक्षिण मुंबईत नेण्यात आले. हल्ला सुरू झाल्यापासून त्यांची कारवाई सुरू होईपर्यंत दहा तासांहून अधिक काळ लोटला होता.

हा धडा नवा नव्हता. डिसेंबर १९९९ मध्ये अपहृत आयसी-८१४ विमान अमृतसरला पाऊण तासाच्या आसपास थांबले असताना "एनएसजी" वेळेत पोचू शकले नव्हते. नऊ वर्षांनी मुंबईत त्याच चुकीची पुनरावृत्ती झाली. दरम्यानच्या काळात मुंबईतच असलेल्या "मार्कोस"च्या छोट्या तुकडीने मध्यरात्रीनंतर ताजमध्ये प्रवेश केला. तीत जखमी झालेले प्रवीणकुमार तेवतिया यांना पुढे शौर्यचक्र मिळाले. मात्र शेकडो खोल्यांच्या हॉटेलची झडती हे मूठभर कमांडोंचे काम नव्हते.

उणीव पाचवी : नकाशा, संपर्क आणि नेतृत्व

कमांडोंना हॉटेलांच्या अंतर्रचनेची पुरेशी माहिती नव्हती. उलट दहशतवाद्यांचे कराचीतील सूत्रधार दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण पाहून त्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या प्रक्षेपणावर कडक टीका केली. पोलिस नियंत्रण कक्षाकडे आलेल्या संदेशांचे काय झाले, हा प्रश्न विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात मिळविलेल्या नोंदींच्या आधारे "टू द लास्ट बुलेट" या पुस्तकातून मांडला. प्रधान समितीनेही ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीचे पालन झाले नाही आणि तत्कालीन आयुक्त हसन गफूर यांचे नेतृत्व पुरेसे दिसून आले नाही, असे मत नोंदविले. कनिष्ठ पोलिसांच्या धैर्याची मात्र समितीने प्रशंसा केली.

"एनएसजी"ने या कारवाईत मेजर संदीप उन्नीकृष्णन (ताज) आणि हवालदार गजेंद्र सिंह (नरिमन हाऊस) हे दोन जवान गमावले.

त्यानंतर काय बदलले?

- २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे "एनएसजी"ची केंद्रे सुरू झाली. आणीबाणीत विमान ताब्यात घेण्याचे अधिकारही दलाच्या महासंचालकांना देण्यात आले.
- राज्याने "एनएसजी"च्या धर्तीवर "फोर्स वन" उभारले. पोलिस दलातील इच्छुकांमधून कठोर निवड करून त्याचे कमांडो घेण्यात आले.
- मुंबई पोलिसांना नवी स्वयंचलित शस्त्रे, चिलखती वाहने आणि गस्तीच्या वेगवान बोटी मिळाल्या.
- मुंबईचे सीसीटीव्ही जाळे पूर्ण झाले. पण निविदांच्या फेऱ्यांत अडकून त्याला २०१६ साल उजाडले.
- अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या संरक्षणातून "एनएसजी"ला पूर्णपणे मोकळे करण्याचा निर्णय केंद्राने २०२४ मध्ये घेतला. नेत्यामागे उभ्या राहणाऱ्या कमांडोला सरावासाठी वेळ मिळत नाही, ही टीका त्यापूर्वी वर्षानुवर्षे होत होती.

यादी समाधानकारक दिसते. तथापि वस्तू विकत घेणे सोपे असते, ती चालू ठेवणे अवघड. सागरी गस्तीच्या बोटी इंधन, देखभाल आणि प्रशिक्षित चालक यांच्याअभावी उभ्या राहिल्याच्या तक्रारी पुढील वर्षांत वारंवार झाल्या. खरेदीचा समारंभ होतो, छायाचित्रे छापून येतात. सुट्या भागांसाठी दरवर्षी लागणाऱ्या तरतुदीचे छायाचित्र कोणी काढत नाही.

गडचिरोलीचा वेगळा धडा

महाराष्ट्रातील विशेष पथकांचा इतिहास मुंबईत नव्हे, तर गडचिरोलीत सुरू होतो. नक्षलवादाशी लढण्यासाठी तेथे १९९० च्या सुमारास साठ जवानांचे पथक तयार करण्यात आले; तेच "सी-६०". त्याचे वैशिष्ट्य महागड्या साधनांत नव्हते. जवान त्याच जिल्ह्यातील होते. गोंडी, माडिया या बोली त्यांना येत होत्या आणि जंगलातील पायवाटा त्यांच्या ओळखीच्या होत्या.

तरीही प्रशिक्षण आणि शिस्त यांत खंड पडला, की परिणाम भोगावे लागतात. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव (१ फेब्रुवारी) येथे १५, हत्तीगोटा (२१ मे) येथे १६ आणि लाहेरी (८ ऑक्टोबर) येथे १७ पोलिस मृत्युमुखी पडले. मुंबईच्या घटनेवर देशभर चर्चा सुरू असताना राज्याच्या दुसऱ्या टोकाला हे घडत होते. नागपूरजवळील सुराबर्डी येथील अपारंपरिक युद्धपद्धतींच्या प्रशिक्षण केंद्राचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

पुढील दशकात चित्र पालटले. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर येथे ४० आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला येथे २६ नक्षलवादी मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या ज्येष्ठ नक्षलवादी नेत्याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.

परंतु या यशाच्या मधोमध १ मे २०१९ ची जांभूळखेड्याची घटना आहे. कुरखेडा तालुक्यात शीघ्र कृती पथकाचे १५ जवान एका खासगी वाहनातून निघाले होते. सुरुंगाच्या स्फोटात ते सर्व आणि वाहनाचा चालक मरण पावला. नक्षलग्रस्त भागात रस्त्याची तपासणी झाल्याशिवाय वाहनाने जायचे नाही, हा नियम प्रत्येक प्रशिक्षणात शिकवला जातो. येथे शस्त्र कमी पडले नाही. नियम पाळला गेला नाही आणि सुरुंगापासून संरक्षण देणारे वाहनही नव्हते.

राष्ट्रीय पातळीवर

सैन्यदलांच्या विशेष पथकांतही एकसूत्रतेचा प्रश्न दीर्घकाळ राहिला. तिन्ही दलांची पथके स्वतंत्रपणे प्रशिक्षण घेत आणि साधनेही स्वतंत्रपणे घेत. त्यांना एका छत्राखाली आणावे, अशी शिफारस नरेश चंद्र कार्यगटाने २०१२ मध्ये केली. त्यातून तिन्ही दलांचा संयुक्त विशेष मोहीम विभाग प्रत्यक्षात आला तो २०१९ मध्ये. शिफारस आणि अंमलबजावणी यांत सात वर्षांचे अंतर! मुंबईच्या सीसीटीव्हीलाही प्रधान समितीच्या अहवालापासून नेमकी तेवढीच वर्षे लागली होती.

दृष्टिक्षेपात

१९८४ - "एनएसजी"ची स्थापना
१९९० - गडचिरोलीत "सी-६०"
१९९९ - आयसी-८१४ अपहरण. अमृतसरला संधी हुकली
२००८ - मुंबईवर हल्ला. प्रधान समितीची नियुक्ती
२००९ - प्रधान समितीचा अहवाल. "एनएसजी"ची प्रादेशिक केंद्रे. गडचिरोलीत तीन मोठे हल्ले
२०१८ - बुलेटप्रूफ जॅकेटचे राष्ट्रीय मानक
२०१९ - जांभूळखेडा. सैन्यदलांचा संयुक्त विशेष मोहीम विभाग
२०२४ - अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या संरक्षणातून "एनएसजी"ला मोकळे करण्याचा निर्णय

नागरिकांनी काय विचारावे?

या साऱ्या घटनांतून एक सूत्र हाती लागते. विशेष पथक घोषणेने तयार होत नाही आणि एकदा तयार झाले म्हणून तसेच टिकतही नाही. जवानांचे वय वाढते, कसलेले अधिकारी बदलून जातात, पट्ट्यांची आणि बॅटऱ्यांची मुदत संपते. म्हणून पथकाकडे किती रायफली आहेत, यापेक्षा गेल्या वर्षी प्रत्येक जवानाने सरावात किती गोळ्या झाडल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. जॅकेट किती घेतली, याबरोबर त्यांची शेवटची चाचणी केव्हा झाली. वाहने किती आहेत, याबरोबर त्यांतील चालू स्थितीत किती आहेत, हेही विचारायला हवे. शहरातील रुग्णालये, स्थानके आणि हॉटेले यांचे अद्ययावत नकाशे पोलिसांपाशी आहेत काय आणि पहिला तास स्थानिक पोलिस ठाणे कसे निभावणार, याचेही उत्तर हवे.

पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत झालेल्या बॉम्बस्फोटात १७ जणांचा बळी गेला. धोका मुंबईपुरता मर्यादित नाही, याची ती नोंद आहे. संवेदनशील तपशील गुप्त राहणे योग्यच. पण सरावासाठी गोळ्या मिळतात की नाही, हे विधिमंडळाला आणि करदात्याला कळल्याने शत्रूचा कोणताही लाभ होत नाही. ओंबळे आणि शिंदे यांच्यासारख्यांनी दाखविलेले धैर्य सरकारला विकत घेता येत नाही. त्या धैर्याला लागणारी गोळी, कवच आणि सरावाचे तास यांची तरतूद मात्र दरवर्षीच्या अर्थसंकल्पात करता येते, आणि ती झाली की नाही हे तपासताही येते.